खरखरीचा हिशेब



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘गुरुत्वीय लहरी’ असा छापला आहे. तथापि मी आज लहरींविषयी थोडे आणि खरखरीविषयी फार बोलणार आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना घरातला जुना रेडिओ आठवत असेल. पावसाळ्याची रात्र असावी, दूरच्या केंद्रावर गाणे चाललेले असावे, आणि ऐन समेवर खर्रकन आवाज येऊन सारे बुडून जावे! आपण बटण फिरवीत असू, तार हलवून पाहत असू, आणि शेवटी रेडिओलाच दोष देत असू. पण ती खरखर कोठून येते, तिच्यातली विजेची किती, शेजारच्या गिरणीच्या मोटारीची किती आणि खुद्द यंत्राच्या पोटातली किती, हा हिशेब मांडत बसण्याची आपल्याला गरज नव्हती. आज मी ज्या शास्त्रज्ञांची कहाणी सांगणार आहे त्यांनी मात्र जन्मभर तोच हिशेब केला. तो ज्याने कच्चा ठेवला त्याच्या हाती निराशा आली. ज्यांनी पक्का केला त्यांना विश्वाचा एक नवा आवाज ऐकू आला.

असा हिशेब करता करता माणसाला मोठे घबाड सापडल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात आहेत. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याला एक रुक्ष काम दिले. महासागरापलीकडे रेडिओने दूरध्वनी करताना जी खरखर येते तिची कारणे शोधून काढ, एवढेच. जान्स्कीने जवळच्या वादळांची खरखर ओळखली, दूरच्या वादळांची ओळखली, आणि तरीही एक बारीक फुसफुस शिल्लक राहिली. ती रोज चार मिनिटे आधी येई. तारेही रोज चार मिनिटे आधी उगवतात. तेव्हा ही फुसफुस पृथ्वीवरची नव्हे, ती आकाशगंगेतून येते, असे त्याने १९३३ साली जाहीर केले आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला. पुढे १९६४-६५ साली त्याच संस्थेतील पेन्झिअस आणि विल्सन यांना अशीच एक न हटणारी खरखर छळू लागली. त्यांनी आकाशकातील कबुतरांची विष्ठासुद्धा पुसून काढली, पण ती गेली नाही. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतील उष्णतेची शिल्लक निघाली. सर्व ज्ञात कारणे वजा केल्यावर जे उरते त्यातच नवे सत्य असण्याचा संभव असतो. परंतु वजाबाकी चुकली, तर उरते ते सत्य नव्हे, भ्रम होय. ही दुसरी बाजूही आज पाहावयाची आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. १९१५ साली आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. गुरुत्वाकर्षण ही दोन वस्तूंमधील ओढ नसून वस्तुमानामुळे अवकाश आणि काल यांना आलेली वक्रता होय, असे त्याने सांगितले. जड वस्तू वेगाने हलल्या तर या वक्रतेतही लहरी उठाव्यात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने पसरत जाव्यात, हे त्याने १९१६ साली लिहिले आणि १९१८ साली ते गणित सुधारून मांडले. गंमत अशी की, १९३६ साली खुद्द आइन्स्टाइनलाच शंका आली. रोझेन या सहकाऱ्याबरोबर त्याने अशा लहरी असूच शकत नाहीत असा निबंध लिहिला आणि अमेरिकेतील एका प्रख्यात नियतकालिकाकडे पाठविला. संपादकांनी तो एका तज्ज्ञाकडे तपासावयास दिला, तज्ज्ञाने चूक दाखविली, आणि आइन्स्टाइनने रागावून निबंध परत घेतला! पण चूक खरी होती. तो निबंध दुसऱ्या नियतकालिकात छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. आइन्स्टाइनच्या कोटीच्या माणसालाही आपले गणित दुसऱ्याने तपासावे लागते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या लहरी आल्या तर काय होईल? एका दिशेने अंतर किंचित ताणले जाईल, तिच्याशी काटकोनात किंचित आखडेल, आणि पुढच्या क्षणी याच्या उलट होईल. पण ‘किंचित’ म्हणजे किती? दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या बलवान लहरीनेही अंतरात पडणारा फरक एकावर एकवीस शून्ये या प्रमाणात एक भाग एवढाच असतो. एवढा फरक मोजावयाचा तर त्याहून मोठा असा प्रत्येक थरकाप आधी शांत केला पाहिजे, आणि जो शांत होत नाही तो अचूक ओळखला पाहिजे.

हे धाडस प्रथम केले जोसेफ वेबर याने. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन आरमारात अधिकारी होता आणि पुढे मेरिलंड विद्यापीठात प्राध्यापक झाला. टनाहून अधिक वजनाचे ॲल्युमिनियमचे दंडगोल त्याने निर्वात टाक्यांत तारेवर टांगले. लहर आली तर दंडगोल घंटेसारखा घुमेल, आणि त्यावर चिकटविलेले स्फटिक त्या कंपनाचे विजेत रूपांतर करतील, अशी त्याची योजना होती. एक दंडगोल मेरिलंडला, दुसरा सुमारे हजार किलोमीटरवर शिकागोजवळ. दोन्हीकडे एकाच क्षणी ठोका पडला तर तो स्थानिक खरखरीचा नव्हे, असा त्याचा तर्क होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. १९६९ साली त्याने जाहीर केले की असे ठोके सापडले आहेत. जगभर खळबळ उडाली. मॉस्को, ग्लासगो, म्युनिक आणि अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांत लोकांनी त्याच्यासारखे, काहींनी त्याहून चांगले दंडगोल उभारले. कोणालाही काही ऐकू आले नाही.

मग चूक कोठे झाली? दंडगोलातील अणू उष्णतेमुळे सदैव थरथरत असतात. त्या थरथरीतून ठोके निवडताना मर्यादा कोठे आखावयाची, हे वेबर नोंदी पाहून ठरवीत असे, आणि नकळत ती मर्यादा त्याच्या इच्छेकडे झुकत असे. एक प्रसंग तर बोधपर आहे. रॉचेस्टर येथील दुसऱ्या एका गटाच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळतात, असे त्याने सांगितले. पुढे उघडकीस आले की दोन्हीकडची घड्याळे वेगवेगळ्या प्रमाणवेळेवर होती. ज्या ठोक्यांना तो एकाच क्षणाचे समजत होता त्यांच्यात चार तासांहून अधिक अंतर होते! जेथे जुळणी असणे शक्यच नव्हते तेथेही ती सापडली. याचा अर्थ ती जुळणी लहरींची नव्हती, शोधणाऱ्याच्या मनाची होती. वेबर २००० साली वारला. आपण लहरी ऐकल्या हे त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. त्याची थट्टा करण्याचा मात्र आपल्याला अधिकार नाही. या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणारा तोच होता, आणि पुढे आलेले बहुतेक सारे त्याला खोडून काढण्यासाठी का होईना, त्याच्याच वाटेने आले.

अवकाशात जाऊन या लहरी शोधण्याचा पहिला प्रयत्नही वेबरचाच. पृथ्वी फार गडबडीची जागा आहे. येथे वारा आहे, समुद्र आहे, वाहने आहेत. चंद्र त्या मानाने शांत. तेव्हा सबंध चंद्रालाच दंडगोल समजून तो लहरींनी घुमतो का ते पाहावे, अशी त्याची भव्य कल्पना होती. १९७२च्या डिसेंबरात अपोलो-१७च्या अंतराळवीरांनी त्याचे गुरुत्वमापक यंत्र चंद्रावर मांडले. यंत्र सुरू केले, आणि त्याची दांडी समतोल होईना. तिला संतुलित करणारी वजने चंद्राच्या कमी गुरुत्वाकर्षणासाठी काढताना हिशेबात चूक राहून गेली होती. अंतराळवीरांनी यंत्र हलवून, ठोकून पाहिले. पण ज्या कामासाठी ते नेले होते ते होऊ शकले नाही. चंद्रावरून ते दुरुस्तीला परत आणता येणार नव्हते. अवकाशातील प्रयोगाचा हाच पहिला धडा होय: येथे जी खरखर आधी हिशेबात धरली नाही तिच्यावर मागाहून इलाज नाही.

त्याच वर्षी, १९७२ साली, मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात रायनर वाइस या प्राध्यापकाने एक अहवाल लिहिला. तो विद्यार्थ्यांना सापेक्षता शिकवीत असता वेबरच्या प्रयोगाविषयी प्रश्न निघाले; उत्तर देता देता त्याला दुसरी युक्ती सुचली. काटकोनात दोन भुजा घ्याव्यात, त्यांच्या टोकांना आरसे टांगावेत, लेसरचा किरण दुभागून दोन्हीकडे पाठवावा, आणि परत आलेले दोन किरण एकमेकांवर पडू द्यावेत. एक भुजा तसूभराच्या अब्जांशानेही लांबली तरी प्रकाशाच्या पट्ट्या सरकतील. अशी कल्पना रशियात १९६२ साली गेर्त्सेन्श्टाइन आणि पुस्तोव्होइट यांनीही मांडली होती. वाइसच्या अहवालाचे खरे मोल निराळे आहे. त्यात त्याने आपल्या न बांधलेल्या यंत्राला कोणकोणत्या खरखरी छळतील याची यादी केली: जमिनीचे कंप, आरशातील उष्णतेची थरथर, लेसरच्या तेजातील आणि रंगातील चंचलता, प्रकाशाचा दाब, उरलेल्या हवेचे कण, विश्वकिरण, विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे, आणि सभोवतालच्या वस्तूंचे बदलते गुरुत्वाकर्षण. प्रत्येकीचा आकडा त्याने काढला. वेबरने आधी ऐकले आणि मग खरखरीचा विचार केला; वाइसने आधी खरखर मोजली आणि मगच ऐकावयास बसला. हा क्रमातला फरक मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

या यादीतूनच लायगो ही वेधशाळा उभी राहिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी असा थरकाप उमटला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती वर्दी होती. वाइसला, बॅरिश आणि थॉर्न यांच्यासह, २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्याचे ठरले असून केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

मग कोणी विचारील, जमिनीवर काम होत असता अवकाशात जाण्याचा हा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर त्याच यादीच्या शेवटच्या कलमात आहे. जमिनीच्या कंपांपासून आरशाला लोलकांवर लोलक टांगून वाचविता येते. पण शेजारून एखादा ढग सरकला, हवेचा दाब बदलला, भूगर्भातून कंप गेला, की तेथील वस्तुमान हलते आणि त्याची ओढ आरशावर थेट पडते. विजेला आडोसा करता येतो, चुंबकत्वालाही करता येतो; गुरुत्वाकर्षणाला आडोसा नाही. सेकंदाला दहा-वीस आंदोलनांच्या वर ही ओढ फारशी नडत नाही. सेकंदाला एकाहून कमी आंदोलने करणाऱ्या लहरी मात्र तिच्यात पार बुडून जातात. आणि सूर्याच्या लाखो पट वस्तुमानाची जी कृष्णविवरे दीर्घिकांच्या गाभ्यात असतात त्यांच्या मीलनाच्या लहरी नेमक्या अशाच संथ, मिनिटांत आणि तासांत एक आंदोलन करणाऱ्या. त्या ऐकावयाच्या तर पृथ्वी सोडल्यावाचून गत्यंतर नाही.

आरंभी शास्त्रज्ञांनी हाती होती तीच साधने वापरून पाहिली. दूरच्या ग्रहांकडे जाणाऱ्या यानाला पृथ्वीवरून रेडिओसंदेश पाठवावा, यानाने तो परत पाठवावा, आणि परतलेल्या संदेशाच्या कंपनसंख्येत सूक्ष्म फरक पडतो का ते पाहावे. एस्टाब्रुक आणि वॉलक्विस्ट यांनी १९७५ साली याचे गणित मांडले. १९९३ साली गॅलिलिओ, मार्स ऑब्झर्व्हर आणि युलिसिस या तीन यानांचा एकाच वेळी असा मागोवा घेण्यात आला. २००१-०२च्या हिवाळ्यात शनीच्या वाटेवरील कॅसिनी यानाचा चाळीस दिवस घेण्यात आला. लहर सापडली नाही, पण खरखरी एकेक करून पकडल्या गेल्या. सूर्यापासून वाहणाऱ्या विद्युत्भारित कणांमुळे संदेश चळे. कॅसिनीसाठी निरनिराळ्या कंपनसंख्यांचे संदेश वापरून ते वजा करण्यात आले. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प आडवे येई; ते मोजण्यासाठी आकाशकाशेजारी वेगळी यंत्रे ठेवण्यात आली. एवढे केल्यावर प्रमुख खरखर उरली ती खुद्द पृथ्वीवरील अजस्र तबकडीच्या लवण्याची आणि डुलण्याची! म्हणजे शेवटचा पाय पृथ्वीवर होता तोवर पृथ्वी सुटत नव्हती.

यावर उपाय एकच, दोन्ही टोके अवकाशात नेणे. अमेरिकेतील बोल्डर येथे पीटर बेंडर आणि जेम्स फॅलर १९८०च्या सुमारास या कल्पनेचा पाठपुरावा करू लागले. तिचेच पुढे युरोपात ‘लिसा’ हे नाव झाले. १९९३ साली कार्स्टेन डान्समान यांच्या पुढाकाराने युरोपीय अवकाश संस्थेकडे तसा प्रस्ताव गेला. आजच्या आराखड्याप्रमाणे तीन याने पृथ्वीमागोमाग सूर्याभोवती फिरतील आणि त्यांचा २५ लक्ष किलोमीटर भुजेचा समभुज त्रिकोण होईल. पृथ्वीपासून चंद्र आहे त्याच्या सुमारे साडेसहा पट ही एकेक भुजा! एका टोकाहून निघालेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचण्यास आठ सेकंदांहून अधिक वेळ लागेल. एवढ्या अंतरातही लहरीने पडणारा फरक अणूच्या व्यासाचा सुमारे चाळिसावा भाग एवढाच आहे. आता या त्रिकोणाच्या खरखरींची यादी पाहू. तिच्यातले एकेक कलम सोडविण्यात एकेक पिढी खर्ची पडली आहे.

पहिले कलम सूर्यप्रकाशाचे. प्रकाशालाही दाब असतो. एका चौरस मीटरवर तो जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाएवढा, म्हणजे उंबऱ्यावर पडलेल्या धुळीच्या कणाएवढा. पण तो क्षणोक्षणी बदलतो, आणि येथे तेवढाही चालत नाही. म्हणून युक्ती अशी की, यानाच्या पोटात एक धातूचा ठोकळा कशालाही न टेकता तरंगत ठेवावयाचा. सूर्यप्रकाश यानावर पडेल, ठोकळ्यावर नाही. यान ढकलले गेले की आतील यंत्र ते ओळखेल आणि बारीक फुंकर मारणारे झोत यानाला पुन्हा ठोकळ्याभोवती नीट आणतील. ठोकळा यानात नाही, यानच ठोकळ्याच्या मागे आहे, असे म्हणा ना! हे तत्त्व स्टॅनफर्डच्या बेंजामिन लँग यांनी १९६४ साली मांडले, आणि १९७२ साली ट्रायड या उपग्रहात ते प्रथम प्रत्यक्षात आले.

दुसरे कलम विजेचे. विश्वकिरण यानाच्या भिंती भेदून ठोकळ्यावर आदळतात आणि तो हळूहळू विद्युत्भारित होतो. भार आला की सभोवतालच्या भिंती त्याला ओढू लागतात. ठोकळ्याला तार जोडून हा भार काढता येत नाही, कारण तार म्हणजे पुन्हा स्पर्श. म्हणून त्यावर जंबुपार किरण टाकून इलेक्ट्रॉन उडवावयाचे आणि भार फेडावयाचा. शिवाय धातूचा पृष्ठभाग आपल्याला एकजिनसी दिसला तरी त्यावर विजेचे बारीक बारीक ठिपके असतात. २००४ साली उडालेल्या ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहाला या ठिपक्यांनी एवढे छळले की त्याचा अंतिम निष्कर्ष येण्यास २०११ साल उजाडले.

तिसरे कलम उष्णतेचे. निर्वातात राहिलेले थोडेसे वायूचे कण ठोकळ्यावर चहूबाजूंनी आपटत असतात. एक बाजू किंचित अधिक तापली तर तिकडचे कण जोराने आपटतात. चौथे कलम खुद्द यानाचे गुरुत्वाकर्षण. यानातील प्रत्येक पेटी ठोकळ्याला ओढते, तेव्हा कोणती वस्तू कोठे ठेवली याचा हिशेब करून दुसऱ्या बाजूला तोलाची वजने बसवावी लागतात. पाचवे कलम प्रकाशाचे. यानातून निघालेला किरण पंचवीस लक्ष किलोमीटर जाईपर्यंत कित्येक किलोमीटर रुंद होतो, आणि पलीकडच्या लहानशा दुर्बिणीत त्यातला वॅटचा अब्जावा भागही शिरत नाही. एवढा क्षीण प्रकाश सलग धारेसारखा वाटत नाही. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे त्याचे कण कधी दाट, कधी विरळ पडतात. ती टपटप हीदेखील एक खरखरच. आरशाने असा किरण परत धाडणे निरर्थक. म्हणून पलीकडच्या यानाने स्वतःच्या लेसरचा ताजा किरण त्याच्या तालावर परत पाठवावयाचा असे ठरले.

सहावे कलम लेसरच्या रंगाच्या चंचलतेचे. ही खरखर लहरीच्या आवाजाहून कोट्यवधी पटींनी मोठी आहे. जमिनीवर दोन्ही भुजा अगदी समान ठेवता येतात. मग लेसरचा कंप दोन्हीकडून एकाच वेळी परत येतो आणि तराजूच्या दोन पारड्यांसारखा एकमेकांना फेडतो. अवकाशात भुजा सतत कमीजास्त होतात आणि पारडी जुळत नाहीत. येथे सह्याद्रीतल्या दोन कड्यांची कल्पना करा. मध्ये एक माणूस हाळी देतो. एका कड्यावरून प्रतिध्वनी आधी येतो, दुसऱ्यावरून उशिरा. त्याचा आवाज कापरा असेल तर तो कापरेपणा दोन्ही प्रतिध्वनींत आहे, पण वेगवेगळ्या क्षणी. दोन्ही नोंदून घ्या, एक नोंद योग्य तेवढी उशिराने वाजवा आणि वजाबाकी करा. कापरेपणा जाईल आणि कड्यांचीच हालचाल झाली असेल तर ती उरेल. मॅसिमो टिंटो आणि जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९९९ साली ही युक्ती मांडली. अशा नोंदी किती प्रकारांनी जुळविता येतील, सर्व प्रकार आपल्या हाती आले हे कशावरून, या प्रश्नाला बीजगणिताचा पक्का पाया घातला तो पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर यांनी, राजेश नायक आणि फ्रान्समधील व्हिने यांच्यासह, २००२ साली. पुण्यात मांडलेले गणित अशा रीतीने अवकाशातील त्या त्रिकोणाच्या उपयोगी पडावयाचे आहे, याचा आपल्याला आनंद वाटणे स्वाभाविक आहे.

पण कागदावर केलेला हिशेब प्रत्यक्षात उतरेल कशावरून? २०११ साली अमेरिकेने पैशाअभावी या योजनेतील पूर्ण भागीदारीतून अंग काढून घेतले. योजना राहते की जाते अशी स्थिती आली. सारा भरवसा एका चाचणीवर येऊन ठेपला. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘लिसा पाथफाइंडर’ हे यान उडाले. या यानाइतके विलक्षण यान क्वचितच उडाले असेल. ते कोणतीही लहर ऐकण्यासाठी गेले नव्हते, ऐकूही शकत नव्हते. पंचवीस लक्ष किलोमीटरची भुजा त्यात ३८ सेंटिमीटरवर आणून ठेवली होती. त्याचे काम एकच: खरखर मोजणे. सोने आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचे ४६ मिलिमीटरचे दोन घन, प्रत्येकी सुमारे दोन किलो वजनाचे, चुंबकाला दाद न देणारे, उड्डाणाच्या वेळी घट्ट आवळून धरलेले. २०१६च्या फेब्रुवारीत, लायगोच्या शोधाची जगभर दवंडी पिटली जात असता, पृथ्वीपासून सुमारे पंधरा लक्ष किलोमीटरवर ते घन मोकळे करण्यात आले. भिंतीपासून चार मिलिमीटरच्या आतबाहेर, कशालाही न शिवता ते तरंगू लागले.

पहिल्याच दिवशी अपेक्षेहून अधिक शांतता आढळली. जूनमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते ठरविलेल्या मर्यादेच्या पाचपट चांगले होते. उरलेल्या खरखरीत मुख्य वाटा वायूच्या कणांचा होता. यानातून वायू अवकाशात निसटत गेला तसतशी तीही महिनोन्‌महिने कमी होत गेली. विश्वकिरणांनी दर सेकंदाला वीस-पंचवीस मूलभूत भार ठोकळ्यावर चढतात, हेही मोजले गेले. २०१८ साली अंतिम आकडे आले. मुख्य योजनेला जेवढी शांतता हवी होती तिच्याहूनही ही शांतता अधिक होती. मात्र येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अगदी संथ आंदोलनांच्या पट्ट्यात थोडी खरखर अशी उरली आहे की तिचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही, आणि मधूनमधून घनांना बसलेल्या काही अकस्मात झटक्यांचा उगमही पक्का कळलेला नाही. शास्त्रज्ञांनी हे लपविले नाही. यशाच्या निबंधातच ते छापले. २५ जानेवारी २०२४ रोजी युरोपीय संस्थेने लिसाला अंतिम मान्यता दिली. अमेरिकाही सहकारी म्हणून परतली आहे. उड्डाण २०३५च्या सुमारास योजले आहे.

आणि या यादीचे शेवटचे कलम ऐका, कारण ते सर्वात नवलाचे आहे. यंत्राच्या साऱ्या खरखरी शमविल्या तरी एक उरणार आहे. आपल्या आकाशगंगेत श्वेतबटू ताऱ्यांच्या कोट्यवधी जोड्या एकमेकांभोवती फिरत आहेत, आणि प्रत्येक जोडी आपापल्या संथ लहरी सोडीत आहे. जवळच्या काही हजार जोड्या वेगवेगळ्या ओळखता येतील. उरलेल्यांचा मिळून एकच गलका ऐकू येईल. हिल्स, बेंडर आणि वेबिंक यांनी १९९०च्या सुमारास त्याचा अंदाज बांधला आहे. यात्रेच्या गर्दीत उभे राहिल्यावर जवळच्या चार माणसांचे बोलणे कळते, बाकीच्यांचा नुसता कोलाहल, तसेच हे. म्हणजे ज्या लहरी ऐकण्यासाठी एवढा प्रपंच केला त्याच लहरी दूरच्या कृष्णविवरांच्या आड येणार! दूरचे पाहणाऱ्याला ती खरखर. आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्याला तोच खजिना. जान्स्कीची फुसफुस पुन्हा आठवावी असा हा योग आहे.

श्रोतेहो, या साऱ्यासाठी एवढा पैसा आणि एवढी आयुष्ये का वेचावीत, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी त्याला पैशाच्या भाषेत उत्तर देणार नाही. मला या इतिहासातून जी गोष्ट शिकावीशी वाटते ती एवढीच: ऐकावयाचे असेल तर आधी स्वतःची खरखर ओळखावी, तिची यादी करावी, आणि ती यादी चारचौघांत मांडावी. वेबरजवळ धाडस होते, कष्ट होते, बुद्धीही होती. स्वतःच्या मनाची इच्छा तेवढी त्याच्या यादीत नव्हती. तिची नोंद घेणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. तिच्यावर उपाय एकच, आपला हिशेब दुसऱ्याच्या हाती तपासावयास देणे. आइन्स्टाइनला तो रुचला नाही, पण मानावा लागला. आपल्या सार्वजनिक जीवनात आपणही पुष्कळदा आपल्यालाच हवे ते ऐकतो आणि त्याला लोकांचा आवाज म्हणतो. २०३५ सालानंतर ती तीन याने सूर्याभोवती फिरू लागतील तेव्हा आपल्यापैकी काही जण ते पाहावयास असतील, काही नसतील. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली लहर त्या वेळी तेथून जाईल. ती ऐकू आली, तर ते यश पन्नास-साठ वर्षे खरखरीचा हिशेब नेकीने लिहीत बसलेल्या माणसांचे असेल.